टोक घासल्याने गिअरचा दात कमजोर होत नाही

वागळे इस्टेटपासून महाप्यापर्यंत आमच्या धंद्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘इनव्होल्यूट हा दाताचा परिपूर्ण आकार. अचूक कापला तर गिअर आवाज करत नाही. टोक घासलं की दात कमजोर होतो. आवाज आलाच तर जाड तेल घाला.’ मी रबाळ्यात गिअर ग्राइंड करतो. हा मेसेज वाचून दोघांनी ड्रॉइंगवरचा टिप रिलीफ, म्हणजे दाताचं टोक मुद्दाम किंचित घासायची सूचना, खोडून पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

इनव्होल्यूट या वक्राची थोरवी मलाही मान्य आहे. दोन गिअरमधलं अंतर जरा चुकलं तरी वेगाचं गुणोत्तर ढळत नाही, हे त्या आकाराचंच देणं. पण ते गणित दात वाकत नाही असं धरून मांडलेलं आहे. पोलादाचा दातही लोड आला की वाकतो. एक जोडी अशी वाकलेली असताना मागची जोडी वेळेच्या किंचित आधी भिडते, आणि तीही टोकाच्या धारेने. दर दातामागे एक ठोका. २४ दातांचं पिनियन (जोडीतला लहान गिअर) १४४० आरपीएमवर सेकंदाला २४ फेरे घेतं, म्हणजे ५७६ ठोके. कानात घुसणारी ती शिट्टी याचीच. टेबलावर मापून अचूक निघालेला गिअरही लोडखाली ओरडतो, तो असा. म्हणून जेवढा दात वाकणार, साधारण तेवढंच टोकाकडून आधीच काढून ठेवायचं. हे नवं खूळ नाही, गिअरच्या दातांवर काम करणाऱ्या एच. वॉकर यांनी १९३८ सालीच याचा हिशेब मांडला होता.

आता कमजोरीचं. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) ४ चा दात पिच सर्कलवर, म्हणजे साधारण अर्ध्या उंचीवर, सुमारे ६.२८ मिमी जाड असतो आणि त्याच्या टोकावरून मी काढतो १५-२० मायक्रॉन, म्हणजे ०.०१५-०.०२ मिमी. वाकून तुटणारा दात तुटतो मुळाशी, फिलेटमधून, म्हणजे तिथल्या गोलाईतून. शिवाय टोक भिडतं तेव्हा लोड दोन जोड्यांत वाटला जात असतो. रिलीफ दिला की तो हळूहळू चढतो, आदळत नाही.

मटेरियल काढून ताकद कशी वाढते, ते मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका पिनियनवर दिसलं. दाताची रुंदी ४० मिमी. एका कडेच्या १० मिमीत पिटिंगचे खड्डे, बोटाला टोचणारे; उरलेल्या भागावर ग्राइंडिंगच्या रेघा नव्यासारख्या. दात कुठे भिडतात ते बघायला निळा रंग लावून हाताने फिरवलं तर ठसा मात्र पूर्ण रुंदीवर. पिनियन बेअरिंगच्या बाहेर, शाफ्टच्या टोकावर बसवलेलं होतं; लोडखाली शाफ्ट वाकायचा आणि सगळा भार त्या कडेवर जायचा. नव्या पिनियनला शाफ्टच्या वाकण्याएवढा तिरपेपणा आणि १० मायक्रॉनचं क्राउनिंग (मध्यावर फुगीर, कडांना उतरता दात) दिलं. आता चालू लोडवर ठसा दाताच्या मध्यावर पसरतो. पोलाद तेच, माप तेच.

जाड तेलाने खडखड थोडी दबेल. ठोका मात्र शाफ्ट आणि बेअरिंगमधून केसिंगपर्यंत पोचतच राहतो, आणि घुसळून तेल तापतं ते वेगळंच.

मेसेज लिहिणाऱ्याची भीती अगदीच निराधार नाही. रिलीफ जास्त झाला तर हलक्या लोडवर आवाज उलट वाढतो, कारण तो एका ठरावीक लोडसाठीच बेतलेला असतो. म्हणून रिलीफ खोडण्याआधी एवढंच लिहून पाठवा: तुमचं मशीन दिवसातला बहुतेक वेळ किती किलोवॉटवर चालतं? मोटरच्या प्लेटवरचा आकडा नको, अँपिअर मोजून काढलेला हवा.