‘स्वामी’चा वाडा आणि पेशव्यांची दौलत

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वरून आमच्या कट्ट्यावर भांडण व्हावे, असे खरे तर काही कारण नव्हते. माधवराव पेशवे आणि त्यांची पत्नी रमाबाई यांच्यावरची ही कादंबरी १९६२ सालची, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६४ सालीच मिळालेला, आणि शनिवार पेठेतल्या त्या चहाच्या टपरीसमोर बसणाऱ्या आम्हां बहुतेकांनी ती शाळेच्या वयात आईच्या नाहीतर आजीच्या कपाटातून काढून वाचलेली. परंतु आमच्यातल्या सीएने ती एवढ्यात पुन्हा वाचली आणि पहिला चहा यायच्या आतच जाहीर करून टाकले की, या पुस्तकात पेशव्यांचा वाडा आहे, पेशव्यांची दौलत नाही.

त्याचे म्हणणे असे होते. १७६१च्या जानेवारीत पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली, तेव्हा त्यांच्या वाट्याला मोठे कर्ज आणि मोडलेली फौजही आली. पुढची अकरा वर्षे हा मुलगा निजामाशी लढला, म्हैसूरच्या हैदरअलीवर कर्नाटकात पुन्हा पुन्हा मोहिमा काढीत राहिला, नागपूरकर भोसल्यांना त्याने वठणीवर आणले, आणि या सगळ्याचा खर्च कोठून तरी उभा केला. सावकारांशी बोलणी करणारे, मामलतदारांकडून रसद, म्हणजे महसुलाची आगाऊ रक्कम, घेणारे, फडावर बसून रात्री जागवणारे कारकून हेच जर त्या दरबाराचे रोजचे जगणे असेल, तर दरबारावरच्या कादंबरीत ते कडेकडेने का यावे?

“माधवरावांना कर्जाची चिंता आहे की कादंबरीत,” वकील म्हणाला.

“चिंता आहे, हिशेब नाही,” सीए म्हणाला, आणि वकिलाला लगेच उत्तर सुचले नाही, ही आमच्याकडे क्वचित घडणारी गोष्ट आहे.

मास्तरांनी ती जागा भरून काढली. ते इतिहास शिकवून निवृत्त झाले असल्यामुळे ऐतिहासिक कादंबरीचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप वर्गातला होतो. त्यांची तक्रार वेगळी आणि जुनी आहे. पेशवे दफ्तरातले निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात पंचेचाळीस खंडांत छापून ठेवले आहेत. माधवरावांची पत्रे उपलब्ध आहेत. त्या पत्रांतला माणूस तापट, काटेकोर, कामाचा आणि पैशाचा हिशेब मागणारा आहे. असे असताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र हळवा, झुरणारा, उदात्त माधवराव उभा राहतो, कारण तो कागदांतून आलेला नसून कादंबरीतून आलेला आहे. “माधवराव जिथे वारले त्या थेऊरला तुम्ही लोक जाता तेव्हा इतिहास पाहायला जात नाही, शेवटचे प्रकरण पाहायला जाता,” असे ते म्हणाले. यात तथ्य आहे. चिंतामणीचे दर्शन झाल्यावर नदीकाठच्या रमाबाईंच्या वृंदावनापाशी जे लोक थबकतात, त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी एखादे अस्सल पत्र वाचलेले असेल.

तरीही मास्तरांचे हे म्हणणे मला पुरते पटत नाही. शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. तट, दरवाजे आणि आतली जोती तेवढी राहिली. आपण दिल्ली दरवाजातून आत शिरतो तेव्हा पाहण्यासारखे जे काही असते, ते आपण स्वतः बरोबर नेलेले असते, आणि ते पुरवण्याचे काम मराठीत कादंबरीने केले आहे. या पुरवण्यात घोटाळे होतात, हेही खरे. हजारी कारंज्यापाशी उभे राहून माधवराव आणि रमाबाई यांची गोष्ट मुलांना सांगणारे पालक मी पाहिले आहेत. ते कारंजे माधवरावांच्या पुतण्यासाठी, सवाई माधवरावांसाठी, म्हणजे या जोडप्याच्या मृत्यूनंतर बांधले गेले असे परंपरा सांगते. परंतु हा घोटाळा लेखकाने घातलेला नाही, वाचकाने घातला आहे, आणि वाचकाने तो घातला याचा अर्थ त्याला त्या ओसाड जोत्यांवर कोणीतरी राहत होते असे वाटू लागले आहे. छापील दफ्तराचे खंड हे काम करीत नाहीत, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नाही.

वकिलाचा बचाव याहून चतुर होता. तो म्हणाला की, सीएला जो दरबार हवा आहे तो कोठल्याही राज्याचा असू शकतो, कारण कर्ज आणि वसुली सगळीकडे सारखीच असते. पुण्याच्या दरबाराचे वेगळेपण असे की तेथे घर आणि राज्य यांच्यामध्ये भिंतच नव्हती. राघोबादादा हे एकाच वेळी घरातले वडीलधारे काका आणि राज्यातले सर्वांत धोकादायक प्रतिस्पर्धी होते. १७६२च्या अखेरीस आळेगावापाशी काकांच्या फौजेपुढे टिकाव लागत नाही असे पाहून माधवराव स्वतःहून त्यांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर दोघे एका बाजूने निजामाशी लढले. आणि १७६८ साली धोडपला काकांचा पराभव करून पुतण्याने त्यांना आणून ठेवले ते त्याच शनिवारवाड्यात, नजरकैदेत. “आता सांग,” वकील म्हणाला, “हे राजकारण आहे की भाऊबंदकी?” ज्याच्यावर पहारे बसवले, त्याच्या पाया पडावे लागते, ही पेचाची जागा देसाईंना नेमकी सापडली आहे, आणि म्हणून काका-पुतण्यांचे प्रसंग आजही शिळे वाटत नाहीत.

येथे मला वकिलाची बाजू घ्यावीशी वाटते, आणि त्याचे कारण लेखकाच्या घडणीत आहे. कोवाडच्या वतनदार घरात वाढलेल्या माणसाला वाडा म्हणजे काय हे पुस्तकांतून शिकावे लागत नाही. माजघरात बोललेली गोष्ट सदरेवर कशी पोहोचते, थोरल्यांच्या मौनाचा नोकरमाणसे काय अर्थ लावतात, रुसवा हा कारभाराचाच एक भाग कसा असतो, याची जाण ‘स्वामी’त पानोपानी आहे. मोहिमा येतात आणि जातात, पण लेखकाचा जीव वाड्यात रमतो. सीएची तक्रार या अर्थाने बरोबर आहे, पण ती उणीव दाखवते त्यापेक्षा लेखकाचा कल अधिक दाखवते. भाषेबद्दल मात्र मी तितका उदार नाही. प्रत्येक पात्र इतके घोटून, इतके भारदस्त बोलते की काही पानांनंतर या लोकांना कधी घाई होत असेल का, अशी शंका येते. ज्यांच्या पत्रांत स्वारीच्या बैलांची, दाण्यावैरणीची आणि थकलेल्या पगाराची बोलणी आहेत, ती माणसे घरात शिरताच एवढी काव्यमय होत असतील, हे मानणे मला जड जाते.

इतका वेळ आमच्यातली धाकटी काही बोलली नव्हती. ती पुरातत्त्व शिकते आणि आम्हां सर्वांना ‘काका’ म्हणून गप्प करते. ती म्हणाली की, तुम्ही सगळे देसाईंचा माधवराव खरा की खोटा यावर बोलता आहात, आणि पुस्तकाचे नाव ज्या बाईच्या तोंडून यावे असे आहे तिच्याविषयी कोणीच बोलत नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे घडलेलेच आहे. कादंबरीकाराला ते टाळता येणार नव्हते. तिचा आक्षेप घटनेला नव्हता, सुराला होता. अकरा वर्षांच्या राजकारणाचा शेवट चितेवर व्हावा आणि वाचकाला ती प्रेमाची पूर्तता वाटावी, अशी सगळी तयारी लेखकाने आधीपासून केली आहे, असे ती म्हणाली. तिने विचारले, “रमाबाईंना त्या दिवशी भीती वाटली असेल का, हा प्रश्न तुमच्यापैकी एकाला तरी वाचताना पडला होता का?”

मास्तर म्हणाले की तो काळ तसा होता. ती म्हणाली, “काळ १७७२चा होता, पण काका, पुस्तक १९६२चे आहे.” सीएने टाळी दिली. मला वाटते, त्या संध्याकाळचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता, आणि त्याला आमच्यापैकी कोणाकडे पुरेसे उत्तर नव्हते. वकिलाने दूरदर्शनवरच्या मालिकेचा आधार घेऊन पाहिला. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांनी उभे केलेले ते जोडपे इतके मनात बसले आहे की कादंबरी उघडली तरी तेच चेहरे दिसतात, तेव्हा आपली भावुकता सगळीच देसाईंच्या माथी मारू नये, असे त्याचे म्हणणे. ते खरे असले तरी त्याने धाकटीच्या प्रश्नाला बगल दिली, हे सर्वांच्या लक्षात आले.

मग ती पुढे म्हणाली की, दरबारातल्या बायकांवर लिहायचे तर रमाबाईंहून माधवरावांच्या आईवर, गोपिकाबाईंवर लिहावे. थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर गेला, त्याच वर्षी नवरा गेला, मग माधवराव, आणि त्यानंतर वर्षही पुरे व्हायच्या आत धाकट्या नारायणरावाचा खून झाला. मुलाच्या कारभारात हात घालते म्हणून जिला पुणे सोडून नाशिकजवळ गंगापुरी राहावे लागले, तीच बाई पुढे नातवाला, सवाई माधवरावाला, दिनचर्या कशी ठेवावी याच्या सूचना लिहून पाठवते. या बाईला कादंबरीत कडक सासूचे काम देऊन लेखक मोकळा झाला, असा तिचा आरोप होता.

मास्तर चटकन म्हणाले, “गोपिकाबाईंनी भावाबंधांचे भले करण्यासाठी राज्यात दुही माजवली, हे विसरू नकोस.”

“आणि राघोबांनी केले ते काय होते?”

“त्यांनीही तेच केले.”

“पण त्यांना दोन-तीन कादंबऱ्यांपुरती सहानुभूती मिळते.”

यावर मास्तरांनी दफ्तराच्या कोणत्या खंडात गोपिकाबाईंची पत्रे सापडतील ते सांगायला सुरुवात केली, धाकटीने ते फोनमध्ये टिपून घेतले, आणि सीएने आणखी एक अट घातली की, ही कादंबरी कोणी लिहिलीच तर गंगापूरच्या घरखर्चाला पुण्याहून किती रक्कम जात होती, हे तिच्यात आलेच पाहिजे.