‘एसी खोलीत बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक कोकणी माणूस’ अशी सही करणाऱ्या गृहस्थांना नमस्कार.

परदेशी इलेक्ट्रिक गाड्यांवरची आयातीची कस्टम ड्युटी उतरवावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिलंत : ‘एसी खोलीत बसून लिहिणाऱ्यांना कोकण काय कळणार? चार थेंब पडले की लाइट जाते, तिथे परदेशी गाडी काय चुलीत घालायची? कस्टम ७० टक्के आहे, ११० नाही. आणि चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांतल्या पोरांनी काय करायचं?’

आकड्याचं आधी मिटवून टाकू. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात महागड्या गाड्यांची मूळ कस्टम ड्युटी १०० वरून ७० टक्क्यांवर आली, हे खरं. मी सरसकट ‘कस्टम ११०’ लिहिलं, तो माझा ढिसाळपणा. कबूल. पण ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर त्याच दिवशी ४० टक्के उपकर बसला, ते आपण सोयीस्कर गाळलंत. सत्तर आणि चाळीस किती होतात हो? आणि उपकर कसला, तर कृषी पायाभूत सुविधांचा! बंदरात मोटार उतरते आणि भलं म्हणे शेतकऱ्याचं होतं. आमच्या वाडीतल्या आंबेवाल्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

आता ती एसी खोली.

मी दापोली तालुक्यातला. न्हावा-शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याकडे, नऊ वर्षं कागद फिरवले. एसी होता, नाही म्हणत नाही. मालकाच्या केबिनमध्ये, एकच, आणि तोही गळायचा. खाली बादली ठेवायचं काम माझं. जुलैत यार्डात कंटेनर शोधत हिंडताना बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदाची, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत धरलेली असायची. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी गावी होतो. कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या, खांब झोपले आणि पुढचे अठरा दिवस आम्ही कंदिलावर काढले. तेव्हा लाइट जाणं म्हणजे काय ते मला शिकवू नका. ज्याने सहीत स्वतःचं नाव लिहायचं धाडस केलं नाही, त्याने तर नाहीच.

त्या नऊ वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ड्युटी गाडीच्या रूपावर लागत नाही, कागदावरच्या सीआयएफवर लागते, म्हणजे किंमत, विमा आणि जहाजभाडं मिळून जी रक्कम होते तिच्यावर. बंदरात २० लाखांना पडलेली साधी इलेक्ट्रिक गाडी धरा, ४० हजार डॉलरच्या आतली, म्हणून उपकर नाही. ७० टक्के ड्युटी धरून ३४ लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी, झाले ३५ लाख ७० हजार. ४० लाखांची धरलीत तर ११० टक्क्यांनी ८४ लाख, जीएसटी धरून ८८ लाख २० हजार. डीलरचा नफा अजून लागायचाच आहे. टेस्लाने जुलै २०२५मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात दुकान मांडलं तेव्हा मॉडेल वायची किंमत साठ लाखांच्या घरात होती, ती उगाच नव्हे.

सवलत काढली, पण कोणाला ते बघा. मार्च २०२४च्या योजनेत कंपनीने ४,१५० कोटी गुंतवायचे, तीन वर्षांत कारखाना उभा करायची हमी द्यायची, मग वर्षाला ८,००० गाड्या १५ टक्के ड्युटीत आणता येतील, असं ठरलं. मात्र गाडी ३५ हजार डॉलरची किंवा वरची हवी होती. म्हणजे ती ४० लाखांची गाडी जीएसटी धरून ४८ लाख ३० हजारांत घरी येणार, आणि २० लाखांची ७० टक्केच भरत राहणार, असा हिशेब! माझा सगळा लेख या एका विचित्रपणावर होता. रत्नागिरी-चिपळूणच्या शिक्षकाला, दुकानदाराला परवडेल अशीच नेमकी गाडी दाराबाहेर ठेवली आहे. ते आपण वाचलंत का? की शीर्षक बघूनच हात शिवशिवले?

लाइटीचं म्हणाल, तर लाइट गेली की पंपावरचं पेट्रोलही जनरेटरवरच निघतं. ड्युटीचा आणि खांबाचा संबंध नाही, आणि देशी इलेक्ट्रिक गाडी काही कंदिलावर चार्ज होत नाही. ‘चुलीत घालायची का’ ही भाषा मात्र आपल्या घरी ठेवा. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग भांडतात.

चाकणच्या पोरांचा मुद्दा जुनाच आहे, त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. आत्ता थांबतो. पाऊस भरून आलाय, लाइट दहा मिनिटांपूर्वी गेली, आणि इन्व्हर्टरवर आमचा राऊटर फार वेळ तग धरत नाही.