आधी पगार, मग बाकीचं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. युनियनने पगार, बोनस आणि कामाचे तास एवढंच बघावं. मानसिक आरोग्य आणि समानता ही एचआरची कामं, त्यात शिरलं की कामगारांत फूट पडते, असं तुम्ही लिहिलंय. बायका तर मीटिंगलाही येत नाहीत, असंही.

पगारापासूनच सुरुवात करतो. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका संपावर गेल्या. त्यांचं काम कमी कुशल ठरवलं होतं आणि त्याच श्रेणीतल्या पुरुषांच्या ८५ टक्केच पगार त्यांना मिळायचा. कव्हरं संपली तसं गाड्यांचं उत्पादन ठप्प झालं. तीन आठवड्यांनी ८५चे ९२ टक्के झाले, १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा आला. कुशल कामाची श्रेणी मिळायला मात्र १९८४ उजाडलं, आणि तेव्हाही सहा आठवडे संप करावा लागला. आता हा लढा पगाराचा की समानतेचा? मला तरी ते दोन वेगळे काढता येत नाहीत.

फुटीबद्दल. इंग्लंडमधल्याच ब्रिस्टल शहरात १९५५ साली युनियनच्याच स्थानिक शाखेने ठराव केला होता, की बसवर चालक-वाहक म्हणून गोऱ्यांखेरीज कुणाला घेऊ नये. माणसं वाढली तर आपला ओव्हरटाइम जाईल, ही भीती होती. १९६३ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर चार महिने बहिष्कार घातला, तेव्हा ती बंदी उठली. फूट पाडली ती त्या ठरावाने. आपल्या चळवळीचा हा डाग मला अजून सलतो.

मानसिक आरोग्याबाबत तुमचं एक म्हणणं पटतं. माणसं कमी आणि काम दुप्पट असेल तिथे ताणतणावावर तासभराचं व्याख्यान ठेवून काही होत नाही. पण मी युनियनचा प्रतिनिधी असताना एका सहकाऱ्याबरोबर चौकशीला बसलो होतो. नैराश्यावरच्या औषधांनी त्याला पहाटे जाग येत नव्हती. पहिल्या पाळीला उशीर, त्यावर पगारकपात, मग नोटीस. समोर तिघं. हा नोटिशीच्या कागदाची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. तोंडातून शब्द फुटेना. मी दहा मिनिटं मागून घेतली, त्याला बाहेर नेऊन पाणी दिलं, आणि आत येऊन दुसरी पाळी मागितली. मिळाली. कापलेला पगारही परत आला. एचआरमधली माणसं वाईट नव्हती, पण त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कामावरच्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार संमत केला, त्यातही मालकाने धोरण ठरवताना कामगार आणि त्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी असं कलम आहे. ते कलम राबवायला युनियनच हवी ना?

राहिली मीटिंग. तुमची किती वाजता असते? आमची मीटिंग पाळी सुटल्यावर व्हायची, आणि त्या वेळी बायकांना घर गाठायची घाई असायची. जेवणाच्या सुट्टीत घ्यायला लागलो तेव्हा पहिल्याच खेपेला अकरा जणी आल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीने मागणी मांडली: कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही, ती बसवा. त्या दाराशेजारून मी कित्येक वर्षं जात होतो.