पासष्टीपर्यंत थांबा म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

'पन्नाशीत नोकरी सोडून पुण्याला परत' या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण दोन मुद्द्यांवर मला माझे जुने कागद काढून बघावे लागले. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: मी परत येणं फार सोपं करून दाखवलं. तुमचे दीर अमेरिकेहून नाशिकला आले, दुसऱ्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला. 'कर जवळजवळ शून्य' हे माझं वाक्य दिशाभूल करणारं आहे. आणि शहाण्या माणसाने पासष्टीपर्यंत अमेरिकेतच थांबून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्यविमा, पदरात पाडून घ्यावं, मगच परतावं. तुम्ही ५३, मिस्टर ५६, दोघं अमेरिकन नागरिक, मिस्टरांना मधुमेहाची गोळी चालू, राहणं न्यू जर्सीत, एवढं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी तुमच्याच परिस्थितीला धरून बोलते.

करांबद्दल तुम्ही बरोबर आहात. ते वाक्य चुकीचं होतं आणि मी ते आज लेखातून काढलं आहे. मेडिकेअरसाठी थांबण्याबद्दल मात्र मला तुमचं अजिबात पटत नाही. तिथूनच सुरुवात करते.

मेडिकेअर अमेरिकेच्या हद्दीबाहेर चालत नाही. अगदी मोजके अपवाद सोडले तर पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या रुग्णालयाचं बिल ते देत नाही. काही पूरक पॉलिसींमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा खर्च मिळतो, पण तो प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या उपचारांपुरता आणि उभ्या आयुष्यात ५०,००० डॉलरपर्यंत. ती सोय प्रवाशाची आहे, कायमचं राहायला आलेल्याची नाही. म्हणजे तुम्ही नऊ वर्षं थांबणार ते जे हाती येईल त्यासाठी, आणि ते इथे कामाला येणार नाही. उलट त्या नऊ वर्षांत भारतातला आरोग्यविमा तुमच्यापासून लांब लांब जाणार. २०२४ पासून आपल्याकडे पासष्टीनंतर नवी पॉलिसी घेण्यावरची वयाची अट निघाली हे खरं. पण त्या वयात मधुमेहासकट पॉलिसी मागितली की प्रीमियम चढा लागतो, वर को-पे येतो, म्हणजे बिलाचा काही हिस्सा आपण भरायचा, कधी सरळ नकारही. आणि मिळाली तरी आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळत नाही तो काळ, तेव्हा सुरू होणार. मिस्टरांच्या मधुमेहाशी जोडलेल्या कुठल्याही दुखण्याला खरं संरक्षण ६८ व्या वर्षी. माझ्या मते तुमच्या बेतातली सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे.

मेडिकेअर सोडून द्या असं मी म्हणत नाही. मिस्टरांनी अमेरिकेत चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, पूर्ण केलं असेल तर मेडिकेअरचा पार्ट ए, म्हणजे रुग्णालयात भरती होण्याचा भाग, ६५ व्या वर्षी बिनप्रीमियमचा मिळतो. तो इथे राहूनही घेऊन ठेवावा. प्रश्न पार्ट बी चा, म्हणजे डॉक्टरांच्या फीच्या भागाचा, आहे. त्याचा हप्ता २०२५ साली माणशी महिन्याला १८५ डॉलर होता. दोघांचे वर्षाचे ४,४४० डॉलर, आणि भारतात राहताना त्याचा उपयोग शून्य. तो वेळेवर घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि तो दंड जन्मभर राहतो. शिवाय नंतर परत गेलात तर नाव नोंदवायची मुदत जानेवारी ते मार्च एवढीच. माझ्या मूळ लेखात यातलं काहीच नव्हतं, ही उणीव तुम्ही दाखवलीत. मुलं तिकडे आहेत, ऐंशीत कदाचित त्यांच्याजवळ जावं लागेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा दंड मान्य करायचा की हप्ते भरत राहायचं, हे चौसष्टीत बसून ठरवावं. आम्ही दोघांनी दंड पत्करायचं ठरवलं आहे.

आता तुमच्या दिरांबद्दल. ते वाचून वाईट वाटलं, आणि त्यातला एक तपशील मनातून जात नाही. अर्जात रक्तदाबाची गोळी लिहिली नव्हती, असं तुम्ही ओघात लिहिलंय. अमेरिकेत दहा वर्षं घेतलेली ती छोटी गोळी माणसाला आजार वाटतच नाही. डॉक्टर म्हणतो 'बॉर्डरलाइन', आपणही तेच धरून चालतो. इथे विमा कंपनीच्या लेखी ते 'आजार लपवला' ठरतं. एजंटही पुष्कळदा 'ते लिहू नका, उगाच मेडिकल करायला लावतील' असं सांगतो आणि सही आपली असते. सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. दिरांचा क्लेम दुसऱ्याच वर्षी आला, म्हणून त्यांना ते कवच नव्हतं. पण नकाराचं पत्र येऊन वर्ष झालं नसेल तर त्यांनी विमा लोकपालाकडे जरूर जावं. पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. त्या गोळीचा आणि झटक्याचा संबंध किती, हे त्यांच्या हृदयविकारतज्ज्ञाकडून लेखी घेऊन जायला सांगा.

मी मूळ लेखात लिहिलं नाही ते आता लिहिते. माझाही क्लेम नाकारला गेला होता. आम्ही नोव्हेंबर २०२१ मध्ये परतलो, डिसेंबरात पॉलिसी घेतली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये माझं पित्ताशय काढावं लागलं. खडे होते. पॉलिसीच्या मजकुरात हर्निया, मोतीबिंदू, गुडघे, पित्ताशयातले खडे या सगळ्यांना २४ महिने थांबायचं कलम होतं. मी काहीही लपवलेलं नव्हतं, खडे आधी ठाऊकही नव्हते, तरी चौदाव्या महिन्यात ते कलम लागू झालं. बिल १ लाख ४० हजार झालं आणि ते आम्ही भरलं. कंपनीचा दोष नव्हता. मीच ते पान वाचलं नव्हतं. लेखात ते आलं नाही, कारण 'सगळं नीट झालं' असं लिहिण्याच्या भरात मला ते सांगावंसं वाटलं नाही. ते चुकलं. तुम्ही दिरांची गोष्ट मोकळेपणाने लिहिलीत, मग मी माझी का झाकून ठेवू?

त्या बिलात एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. नवऱ्याच्या नोकरीतल्या आरोग्य बचत खात्यात, तुम्ही तिकडे ज्याला एचएसए म्हणता त्यात, डॉलर शिल्लक होते. परदेशात घेतलेल्या उपचारांसाठीही त्यातून पैसे काढता येतात आणि त्यावर अमेरिकेचा कर लागत नाही. पावत्या तेवढ्या जपून ठेवायच्या. तुमच्याकडे असं खातं असेल तर ते परतण्याआधी रिकामं करू नका.

माझ्या नणंदेने २०१७ च्या दिवाळीत आम्हाला सांगितलं होतं, 'आलाच आहात तर पॉलिसी काढून ठेवा.' आम्हाला तेव्हा ते पटलं नाही. अमेरिकेत नोकरीचा विमा असताना इथला हप्ता कशाला, असा हिशेब केला. तेव्हा घेतली असती तर परत येईपर्यंत सगळे वेटिंग पिरियड संपलेले असते. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय, इथली पॉलिसी घेऊ शकतात. उपचार भारतातच करायचे एवढीच अट. आता तर वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. मूळ लेखात मी 'परत आल्यावर लगेच पॉलिसी घ्या' असं लिहिलं होतं. तेही बदललं आहे. परत येण्याच्या तीन वर्षं आधी घ्या.

आता कर. मी 'जवळजवळ शून्य' लिहिलं ते आमच्या पहिल्या अडीच वर्षांपुरतं खरं होतं, आणि मी ते कायमचं असल्यासारखं लिहिलं.

आम्ही नोव्हेंबरात आलो. त्या आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले, आधीच्या चार वर्षांतल्या सुट्ट्याही थोड्या होत्या, म्हणून ते वर्ष अनिवासी म्हणून गेलं. पुढची दोन वर्षं आरएनओआर, म्हणजे निवासी पण सामान्य निवासी नाही. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलात, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिलात, तर हा दर्जा मिळतो. या काळात अमेरिकेतलं व्याज, लाभांश, शेअर विकून झालेला नफा यांवर भारत कर घेत नाही. मात्र पैसा आधी तिकडच्या खात्यात जमा व्हायला हवा, थेट इथल्या नाही. आमची ही मुदत ३१ मार्च २०२४ ला संपली. ती संपण्याआधी आम्ही जुने इंडेक्स फंड विकून पुन्हा घेतले. २०२३ साली पतीपत्नींच्या एकत्र विवरणपत्रात ८९,२५० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत दीर्घ मुदतीच्या नफ्यावर अमेरिकेचा कर शून्य होता. पगार नव्हताच, त्यामुळे त्या मर्यादेत बसलो. दोन्ही देशांत कर न लागता खरेदीची किंमत वर सरकली, म्हणजे पुढचा नफा त्या नव्या किमतीपासून मोजला जाणार. मला शून्य दिसलं ते हे.

एप्रिल २०२४ पासून आम्ही पूर्ण निवासी आहोत आणि चित्र वेगळं आहे. जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. तिकडचं प्रत्येक खातं विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात भरावं लागतं, आणि ते राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. अमेरिकेने तर आपल्याला कधी सोडलेलंच नसतं. अमेरिकन पासपोर्ट आहे तोवर विवरणपत्र भरायचंच. इथली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकेला देणारा फॉर्म, भरायचा. एनआरई ठेवीचं, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपयांतल्या ठेवीचं, व्याज भारतात करमुक्त असतं, म्हणून ते अमेरिकेतही दाखवायचं नाही, असं आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं मानत आले. तिकडे ते करपात्रच आहे. दोन्हीकडे तोच पैसा दिसतो, म्हणून एकीकडे भरलेल्या कराचं श्रेय दुसरीकडे घेता येतं. पण त्यांचं वर्ष जानेवारीपासून आणि आपलं एप्रिलपासून, त्यामुळे कागद जुळवताना आमच्या सीएंना दरवर्षी दोनदा बसावं लागतं.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्युच्युअल फंडाची. परतल्यावर महिनाभरात बँकेतला माणूस घरी आला आणि आम्ही दोन फंड घेतले. अमेरिकन नागरिकासाठी भारतीय म्युच्युअल फंड म्हणजे पीएफआयसी, तिकडच्या करकायद्यात कडक नियम लावलेली परदेशी गुंतवणूक. प्रत्येक फंडाचा वेगळा फॉर्म, आणि नफ्यावर सर्वात वरच्या दराने कर अधिक व्याज. आम्ही ते बंद केले. तुम्ही ते सुरूच करू नका. साधी मुदत ठेव ठेवा आणि शेअर बाजारातला पैसा तिकडच्याच फंडांत राहू द्या.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत एक गोष्ट आमच्यापेक्षा सोपी आहे. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली, तर त्याच नोकरीच्या ४०१-के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यातून, साडेएकोणसाठच्या आधीही १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. माझा नवरा ५३ व्या वर्षी बाहेर पडला, आम्हाला हे मिळालं नाही. तो पैसा घाईने आयआरएमध्ये, म्हणजे वैयक्तिक निवृत्ती खात्यात, वळवू नका, वळवलात की ही सवलत जाते. भारतात पूर्ण निवासी होण्याच्या पहिल्या वर्षी, विवरणपत्राच्या मुदतीआधी, अशा खात्यांसाठीचा फॉर्म (२०२४-२५ मध्ये त्याचं नाव १०ईई होतं) भरून ठेवा. मग ४०१-के आत वाढत असताना नाही, काढाल तेव्हाच इथला कर लागतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाच्या निवृत्ती खात्यांना ही सोय आहे. सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे अमेरिकन सरकारच्या पेन्शनवर, मात्र दोन देशांतल्या करारानुसार कर फक्त अमेरिकेचा, आपल्याकडे नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, 'मग तुम्हाला एकदाही पश्चात्ताप झाला नाही का?' सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटची तीन वर्षं आम्ही त्यांच्याजवळ होतो. पासष्टीची वाट पाहिली असती तर त्या भेटल्याच नसत्या. याची किंमत मी कुठल्याच तक्त्यात मांडू शकत नाही, आणि तुमच्या घरची परिस्थिती वेगळी असेल, म्हणून ते कारण मी तुमच्यावर लादत नाही.

येत्या दिवाळीला नाशिकला येणार आहात असं लिहिलंय. येताना मिस्टरांचे गेल्या तीन वर्षांचे सगळे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन या. परत यायचा निर्णय झाला नसला तरी या भेटीत पॉलिसीचा अर्ज करा, मेडिकल इथेच करून घ्या आणि अर्जात मधुमेहाच्या गोळीचं नाव, डोस, सुरू केल्याचं साल, सगळं स्वतःच्या हाताने लिहा. एजंटला फॉर्म भरू देऊ नका.