आमच्या घरची दुधी

"एअर कूल्ड आहे," असं मी म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे एसी आहे?" इंदूरच्या मे महिन्यात, सदरा पाठीला चिकटलेला असताना, मला सांगावं लागतं की बाबा रे, हवा इंजिनाला लागते, आपल्याला नाही. आपल्याला हीटर आहे. इंजिनाच्या एक्झॉस्टवरून फिरून आलेली गरम हवा थेट पायाशी आणून सोडणारा, जर्मनीतल्या थंडीसाठी केलेला हीटर. त्याची कळ काकांच्या हयातीत कधीतरी अडकली, ती अडकलीच.

गाडी काकांची. १९६४ ची फोक्सवॅगन कारमन घिया. काका गेले तेव्हा चुलतभावाने फ्लॅट घेतला आणि "तुला गाडीची आवड आहे ना" म्हणून ही माझ्या गळ्यात मारली. घिया हे इटलीतल्या तुरीनच्या डिझाइनवाल्यांचं नाव, कारमन हे ओस्नाब्रुकच्या बॉडी बनवणाऱ्यांचं. पण हिंदीत घिया म्हणजे दुधी भोपळा. त्यातून गाडीचा रंग फिकट हिरवा आणि आकारही पुढून निमुळता, मागून गोलसर. रामबागेत आमच्या गाडीला दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. "दुधी निघाली का?" असं शेजारी विचारतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

दिसायला ती स्पोर्ट्स कार आहे. लोक थांबून बघतात, सिग्नलला पोरं मोबाइल काढतात. अंगात मात्र फोक्सवॅगनचीच साधी बीटल. ११९२ सीसी, ३४ हॉर्सपॉवर. म्हणजे मारुती ८०० सुद्धा हिच्यापेक्षा दोन-तीन घोडे जास्त बाळगून होती. संस्थानिकाचा फेटा बांधून आलेला कारकून म्हणा. तरी खानदान बघा! बीटल फर्डिनांड पोर्शेंची, आणि १९४८ साली पोर्शे नावाची पहिली गाडी निघाली तीही बीटलचंच सामान वापरून. हवेवर थंड होणारं इंजिन पोर्शेवाल्यांनी ९११ या मॉडेलमध्ये पार १९९८ पर्यंत सोडलं नाही. तेव्हा सख्खी नसली तरी आमची दुधी पोर्शेची चुलत बहीण लागते. हे मी प्रत्येक लग्नात कुणाला ना कुणाला सांगतो. बायको तेवढ्यापुरती आइसक्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहते.

तशी इंदूरला ही हौस नवी नाही. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा महाल बांधून घेतला, आणि अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. जर्मन माणसावर भरवसा ठेवायची रीत आमच्या गावाला तेव्हापासूनची. माणिकबागेत आता जीएसटी आणि सेंट्रल एक्साइजचं ऑफिस आहे. लोक तिथे जातात, पण हौसेने नाही.

गाडी घरी आली त्याच दिवशी कळलं की ती तेल गाळते. आता आमचं गाव २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं. इथे चहाचा कप रस्त्यावर टाकला तर अनोळखी माणूस उचलून परत हातात देतो. अशा गावात माझ्या दारात रोज काळा थेंब! मग इंजिनाखाली एक ताटली आली. सकाळी गाणं वाजवत पिवळी कचरागाडी येते, तिच्यावरचा पोरगा ताटलीकडे बघून म्हणतो, "भिया, ये गीले में कि सूखे में?"

ताटलीत किती तेल पडलं यावरून मला गाडीची तब्येत कळते. इंजिनात तेल मावतं जेमतेम अडीच लिटर, आणि रेडिएटर नसल्यामुळे थंड ठेवायचं अर्धं काम त्या तेलाकडे. तेल थंड करायची जाळी पंख्याच्या हवेच्या वाटेत बसवलेली. ती अशी की तिच्यातून तापून निघालेली हवा जाते तीन नंबरच्या सिलिंडरवर. बाकीच्या तिघांना ताजा वारा, याला दुसऱ्याच्या अंगावरून आलेला. एकत्र कुटुंबातली मधली सून जशी. सगळ्यांत जास्त तापते तीच, आणि वॉल्व्ह जळला तर बोलही तिलाच. मी बोनेट उघडतो (म्हणजे मागची डिकी, इंजिन मागे आहे), तेव्हा आधी कान तीन नंबरकडे लावतो.

वॉल्व्हची फट दर पाच हजार किलोमीटरला बघायची, आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच. पुस्तकात हे वाक्य जाड अक्षरात आहे. पुस्तक लिहिणाऱ्याने माळव्यातला मे पाहिलेला नसावा. इथे पत्रा रात्री बारालाही कोमट. म्हणून उस्ताद पहाटे पाचला येतात. सियागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज, वय पंच्याहत्तरीच्या पुढे. ते इंजिनावर तळहात ठेवतात, ताप बघावा तसा. कोमट लागलं तर "नी भिया, आज नी" म्हणून चहा पिऊन परत जातात. मागच्या उन्हाळ्यात ते चार वेळा नुसता चहा पिऊन गेले.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये भरा, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. पण मग ती रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, मग आत्ता वेगळं काय चाललंय?"

मी अजून अर्ज केलेला नाही. कारण आत्या. तिला महूला वास्तुशांतीला न्यायचं होतं, ते यातल्या कशातच बसत नव्हतं.

पेट्रोलपंपावर पोऱ्या नेहमीप्रमाणे मागे गेला. मी नेहमीप्रमाणे त्याला पुढे बोलावलं. टाकी पुढच्या डिकीत, सामानाच्या खाली. म्हणजे पेट्रोल भरायचं तर आधी सामान उतरवायचं. आत्याच्या दोन पिशव्या, श्रीखंडाचा डबा, माझी हत्यारं, सगळं पंपाच्या ओट्यावर मांडलं. भरून झाल्यावर आत्याने स्वतः लावून ठेवलं, कारण श्रीखंड आडवं होता कामा नये.

राऊच्या पुढे लाल दिवा लागला. हा दिवा डायनॅमोचा, पण डायनॅमो आणि पंखा एकाच दांड्यावर, एकाच पट्ट्याने फिरतात. लाल दिवा म्हणजे पट्टा तुटला, पट्टा तुटला म्हणजे हवा बंद, आणि हवा बंद म्हणजे तीन नंबर आधी जाणार. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं.

"आत्या, इथे काळा पट्टा होता ना, गुंडाळलेला?"

"ते टायरचं कातडं? अरे बाळ्या, डब्याखाली टोचत होतं. ठेवलं मी पंपावरच."

जगभर या गाडीचे लोक अडचणीच्या वेळी बायकांचे पायमोजे पट्ट्याच्या जागी बांधतात अशी एक दंतकथा आहे. ती मी सांगायला नको होती. आत्याने पिशवीतून परकराची नवी कोरी नाडी काढली. "सुती आहे, तुटायची नाही." मी बांधली. गाठ तिने मारली, सुरगाठ नाही, पक्की. किल्ली फिरवली. फर्रर्र झालं आणि पंख्याच्या जाळीतून कापूस उडाला. आत्या बघत म्हणाली, "दुकानदाराने फसवलं मला."

तासाभराने स्कूटरवरून उस्ताद आले. पट्टा गळ्यात जानव्यासारखा. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त कप्पीत अडकलेला धागा चिमटीत धरून उजेडात बघितला आणि आत्याकडे बघून नमस्ते केलं. वास्तुशांतीला आम्ही नैवेद्य झाल्यावर पोचलो. श्रीखंडाला पेट्रोलचा वास होता. लोकांना वाटलं केशर जास्त झालंय.

रात्री आत्या आमच्याकडेच राहिली. सकाळी उठून मी सवयीने खाली वाकलो. ताटली कोरडी. लखलखीत. माझ्या पोटात गोळा आला. ही गाडी गळायची थांबली म्हणजे आत काही उरलेलंच नाही. कालची धावपळ, तापलेलं इंजिन… डिपस्टिक काढली, पुसली, घातली, काढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं. पुन्हा बघितली. तेवढंच.

मागून आत्याचा आवाज आला. "चिंच लावून घासली रे. चांगली पितळेची आहे, अशी खाली काय टाकतोस? मी नेते सत्यनारायणाला."

मी गुपचूप स्वयंपाकघरातून स्टीलची एक आणून सरकवली. बसवायच्या आतच त्यात टप्पकन पडलं.