खुलासा : क्लोजिंगच्या कागदपत्रांतील दलालीबाबत
अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४ पासून घराच्या विक्रेत्याला खरेदीदाराच्या एजंटची दलाली देता येत नाही आणि म्हणून ती क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार अंतिमतः पुरा करण्याच्या, कागदपत्रांत दिसत नाही, असे सांगितले जाते. ते चुकीचे आहे. बदल इतकाच, की एजंटांच्या सामायिक सूचीत, म्हणजे एमएलएसमध्ये, त्या दलालीचा देकार देता येत नाही आणि घर पाहण्यापूर्वी खरेदीदाराला आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो. विक्रेता आजही ती देऊ शकतो. गृहकर्जाच्या व्यवहारात ‘क्लोजिंग डिस्क्लोजर’च्या, म्हणजे कर्जाच्या अटी व व्यवहाराचा सर्व खर्च मांडणाऱ्या कागदाच्या, दुसऱ्या पानावरील ‘एच’ विभागात दलाली, ज्याने भरायची त्याच्या रकान्यात, लिहिली जाते. इसाऱ्यातून काही भाग ब्रोकरने आधीच ठेवून घेतला असला तरी पूर्ण रक्कमच. हा कागद कर्जव्यवहार पुरा होण्याच्या किमान ३ कामकाजी दिवस आधी खरेदीदाराला मिळायला हवा. तेव्हाच त्यातील आकडा करारातील आकड्याशी ताडून पाहावा, अशी कळकळीची विनंती आहे.