चिंचेला गूळ नाही

आंबटाला कोल्हापूरकर भीत नाही. पण चिंच पडली की मागोमाग गुळाचा खडा पडलाच पाहिजे, हा आमच्या घरचा कायदा. फिलिपिन्सला तो लागू नाही. तिथल्या सिनांपालुकांग मानोक या कोंबडीच्या सुपात चिंच असते, चिंचेचा कोवळा पाला असतो, आणि गोडाचा कणही नसतो.

केझोन सिटीतल्या आमच्या घरी हे सूप करायचं मी ठरवलं, तेव्हा आई नुकतीच कोल्हापूरहून आली होती. सामानात गुळाची ढेप. शिकवायला आल्या खालच्या मजल्यावरच्या तीता. (इथे वयाने मोठ्या कुठल्याही बाईला तीता म्हटलं की झालं.) दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्याने काही अडलं नाही.

कुबावच्या फार्मर्स मार्केटमधून गावठी कोंबडी आणली. तीतांनी आलं, लसूण, कांदा, टोमॅटो परतायला टाकले. आईने हळदीचा डबा पुढे सरकवला, तीतांनी मागे सरकवला. कोंबडीवर पातिस पडलं. पातिस म्हणजे मासे मिठात कित्येक महिने मुरवून काढलेलं पाणी. बाटली उघडली तशी आई पदर नाकाला लावून ओट्याखाली वाकली. "काय मेलंय रं हितं?"

मग तीतांनी तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात ओतलं. त्याने सुपाला दाटपणा येतो.

"झाडाला घालायचं पाणी पोराला पाजतीया," आई म्हणाली.

"नानाय काय म्हणतात?" तीतांनी मला विचारलं. (नानाय म्हणजे आई.)

"छान वास येतोय म्हणते."

गावठी कोंबडी शिजायला वेळ घेते. तेवढा वेळ दोघी पातेल्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. आईची उजवी मूठ झाकलेली होती आणि तीत काय आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. मूठ हलली की तीता झाकण ठेवत. शेवटी चिंचेचा कोळ पडला, पाला पडला, अख्ख्या हिरव्या मिरच्या पडल्या. तीतांनी चमचाभर चाखलं.

"कुलांग सा आसिम."

म्हणजे आंबट कमी. आणखी कोळ. पुन्हा तेच. फ्रिजमधून कामियास निघाले, म्हणजे गोव्याकडची बिंबलं. कैरीची चौकशी झाली. इलोइलोकडे बातुआन नावाचं फळ घालतात, पण ते इथे कुठून मिळणार, म्हणून तीता हळहळल्या. पेरू घालूनही काही जण सूप आंबवतात, ही माहिती मी आईपर्यंत पोचू दिली नाही. इथल्या बहुतेक घरांत आंबट मसाल्याची तयार पुडी फोडून हे काम दोन मिनिटांत होतं. तीताही आठवडाभर पुडीच वापरतात. पण पाहुणी आलेली असताना पुडी? शोभतं का?

पहिल्या घासाला माझे कान झिणझिणले, डोळा आपोआप मिटला. तीता खूश झाल्या. आईने भातावर रस्सा घेतला, भुरका मारला, खांदे उडवले, आणि काही न बोलता वाटी पुढे केली. मूठ केव्हा उघडली कोण जाणे. गुळाचा खडा तोंडी लावायला ताटाच्या कडेला होता. तीतांनी तिकडे बघायचं टाळलं.

जेवण झाल्यावर आईने पुढच्या रविवारी पांढरा रस्सा करायचं जाहीर केलं. मी कृती सांगत गेलो. कोंबडीचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू. नारळाच्या दुधावर तीतांनी पसंतीची मान हलवली.

"आणि आंबट काय घालता?"

"काहीच नाही."

तीतांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी येताना कामियास घेऊन येते," त्या म्हणाल्या.